मक्याला फुटवे आले? कात्री बाजूला ठेवा आणि आधी बुंध्याशी बसा

मका पेरून तीन-साडेतीन आठवडे झाले की आमच्या ठाण्यातल्या गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींचे फोन सुरू होतात. "ताई, मक्याच्या बुडातून बाजूने कोंब आलेत. काढून टाकू का?" सोबत फोटो असतो. मधे जोमदार ताट आणि त्याला बिलगून मातीतूनच वर आलेली एक-दोन लहान ताटं.

त्यांना मी सांगते ते इथेही आधीच सांगून टाकते: काढू नका. हे फुटवे तुमच्या कणसाच्या तोंडचा घास पळवत नाहीत. तुमची लागवड कशी झाली आहे, हे मात्र ते नेमकं सांगतात. तेवढं वाचता आलं की पुढच्या हंगामाचा मका आपोआप सुधारतो. कसं वाचायचं ते आता एकेक करून बघू.

ही भीती येते कुठून, तेही समजून घेतलेलं बरं. टोमॅटोची बगलफूट आपण खुडतो. केळीची जास्तीची पिलं काढतो. कपाशीच्या गळफांद्या काढायलाही सांगतात. मग मक्यालाही तोच न्याय लावावासा वाटतो. पण मका गवताच्या कुळातला आहे, भात, ऊस आणि ज्वारीच्या घरातला. आमच्या सोसायटीत बागेचं काम बघणारे काका मुरबाडकडचे. मी पहिल्यांदा मक्याचे फुटवे मोडत होते तेव्हा ते शेजारी उभे होते. म्हणाले, "ताई, भाताला फुटवे आले तर आम्ही नारळ फोडू, आणि तुम्ही मोडताय?" मक्यात फुटव्यांचं मोल भाताइतकं नसतं, हे खरं. पण त्यांच्या बोलण्यातली दिशा बरोबर होती.

त्या दिवशी मी ऐकलं नाही. जुलै महिना, दुपारची वेळ, माती भिजून लगदा झालेली. आठ रोपांचे सगळे फुटवे मी हाताने पिरगाळून काढले. प्रत्येक फुटव्याबरोबर पांढऱ्या मुळांचा झुपका आणि मुठीएवढी माती वर आली. रात्री खाडीकडून वारा सुटला आणि सकाळी तीन ताटं आडवी झालेली. जी उभी राहिली त्यांची कणसं फुटवे न काढलेल्या रोपांपेक्षा मोठी झाली नाहीत. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले.

पहिली पायरी: तो फुटवाच आहे ना, हे बघा

रोपाजवळ बसा आणि बुंध्याची माती बोटाने हलकेच बाजूला करा, इंच-दीड इंच पुरे. फुटवा असेल तर तो मुख्य ताटाच्या तळाच्या पेराला जोडलेला दिसेल, पानाच्या आवरणाच्या आतून निघालेला. त्याची बाजू ताटाला चिकटून चपटी असते.

जोडलेला नसेल, मातीत खाली स्वतंत्र गेला असेल, तर तो फुटवा नव्हे. टोकताना एका खड्ड्यात दोन दाणे पडले आणि दोन्ही उगवले, एवढंच. नवख्यांच्या पाठवलेल्या फोटोंत हे फार वेळा दिसतं. अशा वेळी मात्र एक रोप काढायलाच हवं, कारण ही दोन भावंडं नाहीत, दोन प्रतिस्पर्धी आहेत. विरळणी उगवणीनंतर दहा-बारा दिवसांत करा. उपटू नका, जमिनीलगत कापा. उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात.

आणखी दोन गोष्टींची गल्लत होते. ताटाच्या मध्यावर, कमरेच्या उंचीला पानाच्या बगलेत जो फुगीर कोंब येतो ते कणीस आहे. त्याला हातही लावू नका. आणि तळाच्या पेरांतून खाली येणाऱ्या जाड, कधी जांभळट बोटांसारख्या दिसतात त्या आधारमुळ्या. ताट उभं ठेवण्याचं काम त्यांचं.

मक्याच्या प्रत्येक पेराला, अगदी वरची काही सोडली तर, एक डोळा असतो. तळाच्या डोळ्यांचे फुटवे होऊ शकतात, मधल्या डोळ्यांची कणसं होतात. म्हणजे फुटवा आणि कणीस एकाच घरातले.

दुसरी पायरी: पानं मोजा आणि तारीख लिहा

पानाचं पातं जिथे ताटाला वेढणाऱ्या आवरणाला मिळतं, तिथे फिकट रंगाची एक रेघ दिसते. ही रेघ दिसणारी पानं तेवढी मोजायची. पोंग्यात, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या सुरळीत, गुंडाळलेली मोजायची नाहीत. अशी पाच-सहा पानं झाली की फुटवे डोकवायला लागतात. आपल्याकडच्या उबेत हे साधारण वीस ते पंचवीस दिवसांत होतं.

याच टप्प्यापर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो. म्हणून लहानपणी वरची पानं फाटली, कुणी चरून गेलं तरी मका सावरतो. त्यानंतर तो कोंब जमिनीवर येतो आणि ताट भराभर उंच होतं.

वहीत किंवा पिशवीवर मार्करने लिहा: पेरणीची तारीख, फुटवा दिसला ती तारीख, किती फुटवे. लवकर आलेला फुटवा आणि गुडघ्याच्या वर मका गेल्यावर आलेला फुटवा यांचं नशीब वेगळं असतं. लवकर आलेल्याला स्वतःची मुळं फुटायला वेळ मिळतो. उशिरा आलेला मोठ्या ताटाच्या सावलीत अडकतो, वीतभर वाढून बहुतेक वेळा तिथेच पिवळा पडतो. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: ते का आले, याचा शोध घ्या

इथे वेळ द्या. या लेखातलं सगळ्यात कामाचं हेच आहे.

मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते हे मेक्सिकोतलं गवत. ते झुडपासारखं फुटतं, एका बुंध्यातून किती तरी फांद्या. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी बी निवडत निवडत त्याला एका ताटावर आणलं. फांद्या दाबून ठेवणारं एक जनुक मक्यात जास्त जोराने काम करतं, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन डोबली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे फुटवा हा रोग नाही की विकृती नाही, मक्याची जुनी सवय आहे. दाब जरा सैल झाला की ती वर येते.

दाब सैल होतो कशाने? पहिलं कारण मोकळी जागा. शेजारी रोपं दाट असली की त्यांच्या पानांवरून परतलेला उजेड मक्याला कळतो, आणि बाजूला फुटण्याऐवजी तो वर जातो. शेजारी कुणी नसेल तर तो पसरतो. म्हणून शेतातसुद्धा फुटवे कडेच्या ओळीला आणि जिथे बी उगवलं नाही त्या खाड्याशेजारी जास्त दिसतात. गच्चीवर तर प्रत्येक पिशवी म्हणजे कडेचीच ओळ! त्यात आपण गांडूळखत सढळ हाताने घालतो, पाणी रोज देतो, ऑक्टोबरचं लख्ख ऊन मिळतं. फुटवे येणारच. अशा वेळी फुटवा म्हणजे रोपाने दिलेली पावती: खाणंपिणं भरपूर आहे, जागाही आहे.

दुसरं कारण वाणाचं. स्वीट कॉर्नला फुटवे जास्त येतात, दाण्याच्या कित्येक संकरित मक्यांना क्वचित. शिवाय स्वीट कॉर्नचं बी सुरकुतलेलं आणि अशक्त असतं, थंड ओल्या मातीत कुजतं, खाडे पडतात, आणि खाड्याशेजारचं रोप फुटतं. एकातून एक निघतं ते असं.

तिसरं कारण दुखापत, आणि इथे सावध व्हायचं. मधला पोंगा मेला तर रोप जगण्यासाठी बाजूने फुटतं. पोंगा दोन बोटांत धरून हलकेच ओढा. सुळकन हातात आला आणि खालचं टोक कुजकट निघालं तर ती पोंगेमर आहे, खोडकिड्याचं किंवा खोडमाशीचं काम. पानांना ओळीत भोकं आणि पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली तर लष्करी अळी. ही अमेरिकेतली अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असतात. पाच-पंचवीस रोपांवर हाताने वेचणं सगळ्यात सोपं, सकाळी लवकर. जोडीला अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएमचं निंबोळी औषध, लिटरला ५ मिली, थेट पोंग्यात पडेल असं फवारा. पोंगा मेलेल्या रोपाचा फुटवा तर मुळीच काढू नका. आता त्या रोपाची आशा तोच आहे.

चौथं कारण आपल्या ठाण्याच्या पावसाशी जोडलेलं आहे. रोप चार-पाच पानांचं व्हायच्या आत बुंध्याशी दिवस-दोन दिवस पाणी तुंबलं, तर केवडा नावाच्या रोगाच्या जातीचा एक रोग लागू शकतो. त्यात फुटव्यांचा गुच्छच्या गुच्छ येतो, पानं अरुंद आणि पट्ट्यासारखी, पिळलेली होतात, आणि पुढे तुऱ्याच्या जागी पानांचा झुबका येतो. एक-दोन टवटवीत फुटवे आणि हा गुच्छ यात फरक लगेच कळतो. असं रोप मात्र मुळासकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

चौथी पायरी: कणसाचं नुकसान होतं का, ते समजून घ्या

फुटवा मुख्य ताटाचं अन्न ओढतो, असा समज जुना आहे. इंग्रजीत त्याचं नावच 'शोषणारा' अशा अर्थाचं पडलं आणि तिकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या फुटवे काढत आले. त्याची तपासणीही शंभरेक वर्षं चालू आहे. काढल्याने उत्पन्न वाढतं असं ठामपणे दिसलेलं नाही. कधी फरक पडत नाही, कधी घटतं.

कारण सोपं आहे. सुरुवातीचे काही दिवस फुटवा मुख्य ताटावर जगतो, हे खरं. पण त्याची पानं उघडली की तो स्वतःची साखर स्वतः बनवतो, आणि पुढे त्याला स्वतःची मुळं येतात. त्याच्यावर कणीस नसेल तर त्याची साखर कुठे जाणार? तळाशी जोड असल्याने ती मुख्य ताटाच्या कणसाकडेही जाऊ शकते. १९३१ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये डंगन या संशोधकांनी मुख्य ताटाची पानं काढून हे पाहिलं. जिथे फुटवे ठेवले होते तिथलं कणीस जास्त भरलं. अलीकडे कॅन्सस राज्यातल्या प्रयोगांत, विरळ लावलेल्या मक्यात फुटवे राहू दिल्याने तोटा झाला नाही, आणि हवामान साथ देणारं असेल तिथे उत्पन्नात भरही पडली. मोकळी राहिलेली जागा फुटवा थोडीफार भरून काढतो.

दाट शेतात गोष्ट वेगळी. तिथे फुटवे मुळात कमी येतात, आलेले सावलीत खुरटतात. त्यांच्यामुळे फायदा नाही आणि तोटाही नाही. मजूर लावून ते काढणं म्हणजे पैसे वाया.

पिशवीतल्या मक्याबद्दल माझं मत थोडं सावध आहे. शेतात मुळं लांबवर जातात, पिशवीत भिंत लागते. तिथे भांडण अन्नासाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त होतं. दोन-तीन ताटांची पानं एका ताटापेक्षा दिवसाला कितीतरी जास्त पाणी उडवतात. म्हणून मी फुटवा न कापता पाणी वाढवते. हा खर्च आपल्याला परवडतो.

पाचवी पायरी: कात्रीऐवजी हे करा

मातीची भर लावा. मका गुडघ्याएवढा झाला की बुंध्याशी तीन-चार इंच माती ओढा. मुख्य ताटाच्या आधारमुळ्या आणि फुटव्याची मुळं, दोन्ही तिच्यात उतरतात. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींच्या गच्चीवर वारा कसा येतो हे तिथल्या लोकांना सांगायला नको. भर लावलेला मका तो वारा झेलतो.

नत्र एकदम देऊ नका. मक्याची नेहमीची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची आहे. हिशेब केला तर एक चौरस मीटरला सुमारे २६ ग्रॅम युरिया, तोही तीन हप्त्यांत: पेरताना, गुडघ्याएवढा झाल्यावर आणि तुरा यायच्या बेतात असताना. म्हणजे एका हप्त्याला जेमतेम दोन चहाचे चमचे, बुंध्यापासून चार बोटं लांब, ओल्या मातीत. गांडूळखत किंवा शेणखत भरपूर घातलं असेल तर पेरतानाचा हप्ता मी सोडूनच देते.

पाणी. केस दिसायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन, या काळात पिशवी सुकता कामा नये. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तर पाणी, मग सकाळ असो वा संध्याकाळ. या महिन्यात ताण बसला तर कणसाचं टोक रिकामं राहतं, आणि मग दोष बिचाऱ्या फुटव्याला जातो.

टोक रिकामं राहण्याचं दुसरं कारण परागीकरण. कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याचा असतो. ज्या केसावर पराग पडला नाही तो दाणा भरत नाही. म्हणून कठड्यालगत एका ओळीत दहा पिशव्या मांडू नका, चार बाय चारचा चौकोन करा. वारा कमी असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तुरा हलवा किंवा तो कागदात झटकून पराग केसांवर टाका. फुटव्याचा तुरा थोडा मागाहून उघडतो, आणि उशिरा आलेल्या केसांना कधी कधी त्याचाच पराग मिळतो.

आणि पुढच्या हंगामासाठी अंतर सुधारा. जमिनीत ६० बाय २० सेंटीमीटर, म्हणजे चौरस मीटरला आठेक रोपं. पंधरा इंची पिशवीत दोन. फुटवे फार आले याचा अर्थ तुमच्या जागेत आणखी रोपं मावली असती. नवखे ठाणेकर असाल तर जून-जुलैत सुरुवात करण्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. ऊन मिळतं, पाणी तुंबत नाही. पावसाळ्यातच लावायचा हट्ट असेल तर गादीवाफा उंच करा आणि पिशवीची भोकं तपासा.

सहावी पायरी: कापायचाच असेल तर

अळीने पोखरलेला, कुजलेला किंवा मोडून पडलेला फुटवा काढा. पाच-सहा फुटव्यांनी बुंध्याशी हवाच खेळत नसेल तर सगळ्यात बारीक दोन काढा. कोरड्या सकाळी, धारदार कात्रीने, मातीलगत कापा. पिरगाळू नका, ओढू नका.

संकरित मक्याचं बियाणं पिकवणाऱ्यांचा नियम निराळा आहे. त्यांना मादी ओळीतल्या, म्हणजे ज्या ओळीवर बी धरायचं तिच्यातल्या, फुटव्यांचेही तुरे काढावेच लागतात, नाहीतर नको तो पराग पडून बी बिघडतं. घरच्या मक्याला हा नियम लागू नाही.

सातवी पायरी: कणसं उतरवताना

फुटव्याच्या शेंड्याला एक नवल दिसेल. तुरा यायचा तिथे तुऱ्यातच दाणे भरलेले, वर साल नाही, सगळे उघडे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंनी पूर्ण मजल्याला बोलावून दाखवलं होतं. घाबरण्यासारखं काही नाही. मक्याच्या फुलात सुरुवातीला नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पुढे एक खुरटतो. फुटव्याच्या शेंड्याला कधी हे गणित बदलतं आणि मादी भाग टिकतो. ते दाणे खायला विशेष नसतात, पोपट आणि खारी ते आधी संपवतात. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी मात्र असा तुरा छाटून टाकावा, कारण माकडांना एकदा गच्ची सापडली की ती खालची कणसंही ठेवत नाहीत.

फुटव्याला बाजूने खरं कणीस आलं तर ते लहान असतं आणि आठ-दहा दिवस मागे असतं. दोन्ही एकदम तोडू नका. स्वीट कॉर्न केस दिसल्यापासून साधारण अठरा ते बावीस दिवसांत तयार होतो. केस तपकिरी सुकलेले, पण कणसावरचं साल अजून हिरवं. साल जरा सोडवून दाण्यात नख खुपसा. दुधासारखा रस उडाला तर तोडा, पाण्यासारखा असेल तर तीन दिवस थांबा, पिठूळ असेल तर उशीर झाला. मुख्य ताटावर वरच्या कणसाखाली दुसरं कणीस धरलं आणि ते भरेल असं वाटत नसेल, तर केस बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांतच काढा. तेच बेबी कॉर्न.

माझ्यावर विसंबून राहू नका, स्वतः करून बघा. सोळा पिशव्यांपैकी आठांचे फुटवे पानं सहा असताना कापा, आठांचे ठेवा. कोणत्या कापायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर नकळत अशक्त रोपांवरच कात्री चालते. कणसं सालं काढून वजन करा, मुख्य ताटाची वेगळी, फुटव्याची वेगळी, आणि किती कणसांचं टोक रिकामं राहिलं तेही लिहा. एका हंगामाने निकाल लावू नका, एक पावसाळ्यानंतरचा आणि एक उन्हाळी असे दोन तरी बघा.

कणसं उतरल्यावर फुटव्यांची ताटं बहुधा अजून हिरवी असतात. रासायनिक फवारणी केली नसेल तर ती जवळच्या तबेल्यात नेऊन द्या, गाई-म्हशी आवडीने खातात. फवारणी केली असेल तर बोटभर तुकडे करून कंपोस्टच्या पिंपात टाका. लांब ताट तसंच टाकलं तर ते कुजायला फार वेळ घेतं.